याप्य व्याधी आणि आपले कर्तव्य

दिवाळी सरली की आपल्या अंबड-घनसावंगी भागातील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. अशाच एका कुटुंबातील एचआयव्हीबाधित गृहस्थ हंगाम संपल्यावर आमच्याकडे आले. शरीर कृश, खोकला जुना. ‘आजार मुळासकट घालविणारे’ चूर्ण कोणीतरी फडावर दिले आणि त्यांनी एआरटीच्या गोळ्या सोडल्या. ते चूर्ण आयुर्वेदाच्या नावाने विकले गेले, म्हणून हा प्रश्न आपला आहे.

याप्य व्याधी सांगताना सुश्रुताचार्यांनी कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टान्त योजला आहे. एचआयव्ही आज नेमका असा याप्य व्याधी आहे. शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू केली. २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच उपचार दिले जातात. नित्य औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके घटले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. असा रुग्ण संसार करतो, मुलाबाळांत दीर्घायुष्य जगतो. हा टेकू काढण्याचा अधिकार कोणाही वैद्यास नाही.

मग आपण काय करावे? अग्नी, आहार, निद्रा, व्यसनमुक्ती आणि सत्त्वबल सांभाळावे. जुना खोकला, ज्वर वा वजनात घट दिसताच क्षयाच्या तपासणीस पाठवावे. रसायन द्यावयाचे तर एआरटी केंद्रास कळवूनच द्यावे.

औषधी विक्रेत्यांसाठी एक महत्त्वाची बाब. सध्याच्या गोळीतील डोलुटेग्रॅविर हे द्रव्य लोह, कॅल्शियम व जस्त यांच्याशी पोटात बांधले जाऊन त्याचे शोषण घटते. त्यामुळे मंडूर, लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ, यशदभस्म यांचे कल्प गोळीनंतर दोन तासांनी किंवा गोळीपूर्वी सहा तास घेण्यास सांगावे.

आणि गोपनीयता. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करता येत नाही. दुकानाच्या फळीवर सहज उच्चारलेला शब्द सायंकाळपर्यंत गावभर होतो, आणि मग रुग्ण औषधालाही बाहेर पडत नाही.

त्या गृहस्थांस आम्ही एआरटी केंद्रात पाठविले. क्षय निघाला, त्याचाही उपचार झाला. पुढच्या हंगामास निघताना ते आम्हांस गोळ्यांची पिशवी दाखवून गेले. वैद्यबंधूंनो, त्या पिशवीत आमचे एकही औषध नव्हते. तरीही ती चिकित्सा आमचीही होती, असे आम्ही मानतो.