बाटलीचा रंग आणि घरांतील संशय

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नाहूरच्या घरीं एक अप्रिय प्रसंग घडला. वडील मंडळींपैकीं एकांसाठीं, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना काढून, औषध म्हणून ब्रँडीच्या दोन बाटल्या आणिल्या होत्या. पांढऱ्या काचेच्या त्या बाटल्या पश्चिमेच्या खिडकींतील फळीवर राहिल्या. कांहीं महिन्यांनीं पाहतों तों वापरांतील बाटलीचा तांबूस रंग फिका पडलेला! शिक्षणासाठीं आमच्याकडे राहणाऱ्या भाच्यानें ती चोरून पिऊन पाणी भरलें, अशी कुजबुज सुरू झाली. तो बिचारा मान खालीं घालून वावरूं लागला.

सुदैवानें आमच्या मातोश्रींचें लक्ष दुसऱ्या बाटलीकडे गेलें. तिचें सील शाबूत होतें, तरी रंग तितकाच उतरलेला! अपराधी भाचा नव्हे, ऊन होतें.

भट्टींतून उतरलेला अर्क मुळांत पाण्यासारखा निर्मळ असतो. ब्रँडीला रंग येतो तो ओक लाकडाच्या पिंपांत मुरल्यानें, किंवा जाळलेल्या साखरेचा रंग घातल्यानें. हीं रंगद्रव्यें प्रकाशानें, विशेषतः अतिनील किरणांनीं, नाश पावतात. उष्णता त्या क्रियेस वेग देते. २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेली गोव्याची काजू फेणी काचेंत ठेविली तर स्वच्छच राहते, कारण उडण्यास तींत रंगच नाहीं. लाकडी पिंपांत मात्र ती पिवळसर होते.

येथें एक भेद गृहिणींनीं ध्यानांत ठेवावा. उन्हानें ब्रँडीचा रंग गेला म्हणून तींतील मद्यार्क घटला असें होत नाहीं. टिंक्चर आयोडिनाची गोष्ट उलट आहे. त्याचा रंग म्हणजेच आयोडीन. बूच सैल राहून तो उडाला, कीं औषधच उडालें. अशी बाटली जखमेसाठीं ठेवूं नये. कोकमाच्या आगळाचा लाल रंगही ऊन व उष्णता यांनीं तपकिरी होतो.

तेव्हां अशा बाटल्या बंद, थंड कपाटांत, बूच घट्ट लावून ठेवाव्या. तपकिरी काच असल्यास उत्तम. मद्यार्काची बाटली उभीच ठेवावी, आडवी ठेविल्यास तो बूच खातो.

आमच्या बाटल्या आतां कपाटांत आहेत. त्याच दिवशीं आम्हीं सर्वांदेखत भाच्याजवळ आपली चूक कबूल केली. बाटलीचा गेलेला रंग परत आला नाहीं. त्याच्या चेहऱ्यावरचा मात्र आला.