इम्होतेपच्या घरात इंग्रज कुठे आहेत?

अगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीचा निकाल फार वर्षांपूर्वी लागला आणि त्यावर अपील करायला सहसा कोणी जात नाही. कादंबरीचं नाव 'डेथ कम्स ॲज दि एंड'. काळ इसवीसनापूर्वी सुमारे २०००, स्थळ नाईलच्या पश्चिम काठावरचं थीब्ज. निकाल असा की हा नुसता वेषांतराचा खेळ आहे. इंग्लंडमधल्या खेड्यातलं एक बडं घर उचललं, माणसांना तागाची वस्त्रं नेसवली, डोळ्यांत काजळ घातलं, नावं इम्होतेप, सोबेक, रेनिसेंब अशी ठेवली, की झालं इजिप्त. मीही हे मत बरीच वर्षं बिनदिक्कत बोलून दाखवत असे. ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते सांगायला बसलो आहे.

सांगताना खुनी कोण हे उघड करावं लागेल. ज्यांना कादंबरी कोरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं आणि वाचून झाल्यावर भांडायला यावं.

आधी पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून नको. पहिला साक्षीदार एडमंड विल्सन, अमेरिकेतला मोठा समीक्षक. ऑक्टोबर १९४४ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात त्याने लोक रहस्यकथा का वाचतात असा सवाल करणारा लेख लिहिला आणि ख्रिस्तीची म्हणून नेमकी हीच, तेव्हा नुकती आलेली, कादंबरी वाचायला घेतली. भाषा त्याला वाचवेना. पात्रांबद्दल त्याचं म्हणणं असं की अशा कथेत माणसांना स्वतःचं जगणं मिळूच शकत नाही. संशयाचं आमिष आज कोणत्या बाजूला लावायचं त्या सोयीने त्यांना कधी विश्वासू, कधी भयंकर रंगवायचं. त्यामुळे ती सपाट चित्रंसुद्धा धड होत नाहीत.

दुसरी साक्ष खुद्द लेखिकेची. पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपणात तीच म्हणून गेली आहे की स्थळकाळ इथे आनुषंगिक आहे, गोष्ट दुसरीकडे कुठेही घडली असती तरी चाललं असतं. प्रतिपक्षाच्या वकिलाला आणखी काय हवं?

तिसरा आक्षेप चेष्टेच्या सुरात येतो. या घरात इतकी माणसं मरतात की शेवटी जो उरेल तो खुनी. डोकं चालवायची गरजच नाही. मोजून आठ मृत्यू आहेत, तेव्हा चेष्टा अगदीच निराधार म्हणता येत नाही.

आता लेखिकेच्या साक्षीपासूनच उलटतपासणी सुरू करतो. त्याच टिपणात पुढे ती सांगते की पात्रांचं आणि कथेचं बीज तिला दोन-तीन जुन्या पत्रांतून मिळालं. ती पत्रं काय होती हे पाहण्याची तसदी निकाल देणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही. १९२१-२२ च्या उत्खननात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या हर्बर्ट विनलॉकला देर अल-बहरीच्या परिसरात एका छोट्या थडग्यात पपायरसचे काही कागद सापडले. एक पत्र तर घडीही न मोडलेलं, मोहोरबंद. ज्याला ते जायचं होतं त्याने ते कधी वाचलंच नाही. लिहिणारा हेकानख्त नावाचा गृहस्थ, इपी नावाच्या वजिराच्या थडग्याचा 'का'-पुजारी. (हा आपला प्रश्नार्थक 'का' नव्हे. माणूस मेल्यावरही ज्याला भूक लागते, ते त्याचं चैतन्य म्हणजे 'का'.) हेकानख्त कामासाठी परगावी आहे आणि घरच्यांना लिहितो आहे. त्यात देवधर्म फारसा नाही. जमीन खंडाने घ्या, बियाणं जपून वापरा, मला मात्र जुनं वाळकं जव पाठवता आणि तुम्ही घरी नवं खाता, ही तक्रार. दुष्काळाचे दिवस आहेत, म्हणून कोणाला महिन्याला किती धान्य द्यायचं याची नाववार यादी, आणि यादीत पहिलं नाव आईचं. स्नेफ्रू नावाच्या लाडक्या पोराला हवं ते द्या, त्याला दुखवू नका. आणि सेनेन नावाच्या मोलकरणीला घराबाहेर काढा, कारण तिने इउतेनहेबशी वाईट वर्तन केलं. ही इउतेनहेब त्याने घरात आणलेली बाई. तिला नवी बायको म्हणायचं की रखेल, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. त्या घरातही तो वाद असावा, असं पत्रातला त्रागा वाचून वाटतं.

या कागदांशेजारी कादंबरीतलं घर ठेवून पाहा. इम्होतेप हा का-पुजारी, मेरिप्ताह नावाच्या सरदाराच्या थडग्याची सेवा करणारा. तोही उत्तरेत जातो, तोही पत्रांतून घर चालवतो, धाकट्या मुलाला, इपीला, डोक्यावर बसवतो, आणि उत्तरेतून नोफ्रेत नावाची तरुण, देखणी बाई घेऊन येतो. जुन्या मराठीत जिला अंगवस्त्र म्हणत, तशी. घरावर नजर ठेवून असणारी त्याची म्हातारी आई एसा. ख्रिस्तीने या कागदांत फक्त खून घातला. भांडण चार हजार वर्षांचं आहे. 'इंग्रज घराला इजिप्शियन कपडे' म्हणणाऱ्यांनी मग हेही सांगावं की हेकानख्तला ते कपडे कोणी शिवले.

यावर कोणी म्हणेल, बीज इजिप्तचं असेल, पण झाड इंग्रजीच उगवलं. मग झाडाची मुळं पाहू. या घराचं उत्पन्न येतं कुठून? मेरिप्ताहच्या 'का'ला अन्नपाणी मिळत राहावं म्हणून लावून दिलेल्या जमिनींतून. देवस्थान इनाम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे लगेच उमगतं: जमीन सेवेच्या अटीवर आहे, सेवा ज्याच्या नावावर तो घराचा मालक. थोरला मुलगा याहमोस तिशी उलटून गेलेला, मुलाबाळांचा बाप, राबतो तोच. पण बापाने त्याला कागदोपत्री भागीदार करून घेतलेलं नाही. आज करीन, उद्या करीन. दुसरा सोबेक लाकडाच्या एका सौद्यात खोट खाऊन बसलेला. दोघेही बापाने वाढलेल्या भाकरीवर. इंग्लंडमधल्या रहस्यकथेत मृत्युपत्र असतं, वकील येतो, म्हातारा मेला की पैसा वाटला जातो, म्हणून म्हातारा मरतो. इथे म्हातारा पूर्णवेळ जिवंत आहे! आसपासची माणसं मरतात. खुनाचं हे गणित इंग्रजी घराच्या चौकटीत बसत नाही.

आणि या कुटुंबात मेलेली माणसंही सभासद आहेत. घरात एकामागून एक माणूस पडू लागल्यावर इम्होतेप काय करतो? आपल्या मृत बायकोला, आशायेतला, रीतसर अर्ज लिहितो. नोफ्रेतचा आत्मा आम्हाला छळतो आहे, तिकडे तू आमची बाजू मांड, असा. मृतांना पत्रं लिहिण्याची चाल इजिप्तमध्ये खरोखर होती. कित्येकदा अन्न ठेवायच्या वाडग्यावरच मजकूर लिहीत, म्हणजे जेवायला आलेला आत्मा वाचल्याशिवाय जाणार नाही. कोणता इंग्रज जमीनदार स्वर्गवासी बायकोकडे असली फिर्याद गुदरतो? शिवाय हा अर्ज नुसता रंग भरायला आलेला नाही. सगळ्या घराची नजर भुताकडे लागल्यामुळे जिवंत खुनी निवांत वावरतो. कथेचा सांधाच तिथे आहे.

मराठी वाचकाच्या हाती आणखी एक पुरावा आहे, जो विल्सनच्या हाती नव्हता. इंग्रजीत याहमोसची बायको सातिपी आणि सोबेकची बायको काइत या दोघींचं एकमेकींशी जे नातं, तेच रेनिसेंबचं दोघींशी, शब्द एकच. आपण मात्र वाचता वाचता मनातल्या मनात मांडणी करतो: सातिपी आणि काइत जावा, रेनिसेंब त्यांची नणंद, तीही नवरा गेल्यावर लहान मुलगी घेऊन माहेरी परतलेली नणंद. एसा आजेसासू. हेनेत ही आश्रित, जिला कोणी धड नात्यात घेतलं नाही आणि कामातूनही सोडलं नाही. हे शब्द लावले की विल्सनला जी माणसं सपाट वाटली ती उठून बसतात, कारण प्रत्येक शब्दाबरोबर एक हक्क येतो आणि एक अपमान येतो. ख्रिस्तीने हे संबंध बारकाईने रचले आहेत. तिच्या भाषेत त्यांना नावं नव्हती एवढंच. गंमत म्हणजे इजिप्शियन भाषेची खोड याच्या उलट आहे. प्रियकराला 'भाऊ', प्रेयसीला 'बहीण' म्हणायची तिथे रीत होती, आणि ख्रिस्तीने ती काही ठिकाणी वापरलीही आहे.

आता विल्सनचा मुख्य मुद्दा: ही माणसं सपाट आहेत. याहमोस म्हणजे सोशिक, सातिपी म्हणजे कजाग, सोबेक बढाईखोर, काइत मठ्ठ लेकुरवाळी, इपी उद्धट. पहिल्या काही प्रकरणांत असंच आहे, मला मान्य आहे. पण ही लेबलं लेखिकेने चिकटवली की त्या घराने?

कादंबरीत होरी नावाचा लेखनिक आहे, घराचा कारभार पाहणारा शहाणा माणूस. तो रेनिसेंबला थडग्यातल्या खोट्या दाराबद्दल बोलून दाखवतो. इजिप्शियन थडग्यात भिंतीवर दार कोरलेलं असतं. चौकट, उंबरा, सगळं. उघडत मात्र काही नाही. होरीचं म्हणणं, माणसंही स्वतःपुढे असं दार उभं करतात आणि बघणारे त्या दारालाच माणूस समजतात. विल्सनला नेमका हाच सपाट दगड दिसला आणि त्याने पलीकडे काही नाही असा निर्वाळा दिला. खऱ्या थडग्यात नैवेद्य त्याच दारापुढे ठेवत, कारण आतला तिथूनच येतो अशी श्रद्धा होती.

याहमोसचा सोशिकपणा हे असं दार आहे. बापाने टाकून बोलावं, बायकोने रात्री टोचावं, धाकट्या भावांनी हसावं, आणि याने मान खाली घालावी. घरातल्या सगळ्यांना ही मान खालीच हवी होती, म्हणून तिच्यामागे काय साठतं आहे ते कोणी पाहिलं नाही. नोफ्रेतच्या कारवायांनी संतापलेला बाप मुलांना बायकापोरांसकट हाकलून द्यायची धमकी पाठवतो, आणि थडग्याकडे जाणाऱ्या कड्यावरच्या वाटेखाली नोफ्रेत मरून पडलेली सापडते. त्यानंतर जे घडतं तो या कादंबरीतला सगळ्यात हुशार भाग आहे. कजाग सातिपी एकाएकी गरीब गाय होते. नवऱ्याला वरच्या पट्टीत बोलत नाही, मोलकरणींवर ओरडत नाही. सगळे म्हणतात, हिनेच नोफ्रेतला ढकललं, आता भुताला घाबरते. ती घाबरते खरी, पण भुताला नाही. तिने नवऱ्याला खून करताना पाहिलं आहे. आयुष्यभर ज्याला मेषपात्र म्हणून हिणवलं तो पलंगाच्या दुसऱ्या कडेला झोपलेला आहे. पुढे तीही त्याच वाटेवर मागे वळून पाहते, घाबरते आणि कोसळते.

आता सांगा, पात्रं फक्त संशयाच्या सोयीने रंग बदलतात का? सातिपी बदलते तेव्हा तो बदल हाच पुरावा असतो. तिचा स्वभाव कळल्याशिवाय रहस्य सुटत नाही. याला पुठ्ठ्याची बाहुली म्हणणं म्हणजे नाडी बघायच्या जागी अंगरखा तपासणं.

काइतबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिच्याकडे कोणीच बघत नाही. ती मुलांपलीकडे बोलत नाही म्हणून मठ्ठ. पण नवरा, सोबेक, विषारी दारूने मेल्यावर ती ज्या थंडपणे रेनिसेंबला सांगते की पुरुष काय, येतात आणि जातात, घर बायकांचं आणि मुलांचं, तेव्हा अंगावर काटा येतो. खून तिने केलेला नाही, पण करू शकली असती. आणि हेनेत! सगळ्यांची सेवा करणारी, कोणाचंही मन न दुखवता प्रत्येकाच्या कानात विष ओतणारी हेनेत शेवटाकडे तोंड उघडते, तेव्हा कळतं की तिने या घरातल्या प्रत्येकाचा द्वेष केला आहे, मेलेल्या आशायेतचासुद्धा. भीक म्हणून दिलेला निवारा माणसाला काय करून ठेवतो, हे ख्रिस्तीने दुसऱ्या कुठल्या पुस्तकात इतकं निष्ठुरपणे लिहिलेलं मला तरी आठवत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मी अर्धी वाट देतो. शेवटच्या भागात मृत्यूंची दाटी झाली आहे. इपी माणूस म्हणून उभा राहण्याआधीच तळ्यात बुडवला जातो. उत्तरेकडून आलेला तरुण लेखनिक कामेनी देखणा आहे, गातो छान, आणि त्यापलीकडे पोकळ आहे. रेनिसेंबचं प्रेमप्रकरण मला कधी भिडलं नाही. शेवटाविषयी तर लेखिकाही नाराज होती. हे पुस्तक लिही म्हणून जो तिच्या मागे लागला, तो लंडनमधला इजिप्तविद्येचा प्राध्यापक स्टीफन ग्लॅनव्हिल. ही माणसं जेवत काय, झोपत कुठे, बायका-पुरुष एकत्र जेवत का, असले प्रश्न विचारून तिने त्याला भंडावून सोडलं होतं. त्यानेच शेवट बदलायला लावला आणि आपण ऐकलं याची रुखरुख तिने आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

पण 'उरला तो खुनी' हे खरं नाही. याहमोस उरलेला नसतो, तो वाचलेला असतो. सोबेकबरोबर त्यानेही तीच दारू घेतली, थोडीशी, हिशेबाने. त्यानंतर तो घरातला अशक्त, दयेचा धनी झाला. मारेकऱ्याच्या तावडीतून सुटलेल्या माणसावर संशय कोण घेणार? एसाने घेतला. जवळजवळ आंधळी, पण आपली माणसं ओळखून असलेली म्हातारी. तिला अंगाला लावायच्या मलमातून विष दिलं गेलं.

शेवटी रेनिसेंब त्याच कड्यावरच्या वाटेने एकटी चालली आहे. मागे पावलं वाजतात. तिचा श्वास अडकतो, ती वळते, आणि हायसं वाटून थांबते. मागे दुसरं कोणी नाही, आपला याहमोसच आहे.