हाताचा तास

“सर, आता वेळ कसा जातो?”

मी ५८व्या वर्षी निवृत्त झालो, आता पंचाहत्तरी जवळ आली, तरी चांदवडच्या बाजारात भेटणारा एखादा माजी विद्यार्थी हे विचारतोच. विचारण्यात काळजी असते, थोडी कीवही असते. सल्ला देणारे तर पुष्कळ. कुणी म्हणतं यात्रा करा, कुणी कसल्या तरी समितीवर घ्यायला बघतं. हौस असेल त्यांनी जरूर जावं. पण निवृत्त माणसाच्या हाताला आधी काम हवं, असं माझं मत आहे. साधं, घरातलं, आपल्याच्यानं होणारं.

आम्हा शिक्षकांचं आयुष्य बोलण्यात जातं. निवृत्तीनंतर तोंड तेच राहतं, वर्ग मात्र नसतो. मग तो घरात भरतो! सून भाजी कशी चिरते, नातू कसा बसतो, नळ कुणी उघडा ठेवला... माझ्या पिढीतल्या कितीतरी घरांतली कुरबुर यातूनच येते. पैशाचा प्रश्न पेन्शनने सुटतो, हा सुटत नाही.

गंमत म्हणजे यावरचं औषध शाळेच्या वेळापत्रकातच होतं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. आम्ही लहानपणी शाळेत टकळीवर सूत काढलं ते त्यातूनच. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पण गणिताचा भाग राहिला की पहिला बळी कार्यानुभवाच्या तासाचा. शिकलेल्या माणसाने हाताने काम करायचं नसतं, हे मुलं त्या वेळापत्रकातूनच शिकली. आता तीच मुलं निवृत्त होताहेत.

माझ्यापुरतं सांगतो. मी फाटकी पुस्तकं बांधतो. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. (ते विषारी असतं. भांडं वेगळं ठेवावं, नातवंडांपासून लांब.) पानं जुळवून जाड दोऱ्याने शिवायची, पाठीला मलमलची पट्टी, वर पुठ्ठा, आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं. सकाळी पाटा उचलताना अजूनही धाकधूक होते.

पुतणीने तिच्या आईची ‘रुचिरा’ आणून दिली होती. पानोपानी हळदीचे डाग, समासात आईच्या अक्षरात वाढवलेली-घटवलेली प्रमाणं. आई आता नाही. डाग तसेच ठेवून पुस्तक बांधलं. हातात घेतल्यावर पोरगी कितीतरी वेळ त्या अक्षरावरून बोट फिरवत होती, काही बोलली नाही.

एक स्नेही म्हणाले, “बाहेर टाका की बांधायला, तुमचा वेळ वाचेल.” वाचवून ठेवू कुठे, बँकेत?

पुस्तकं नसतील तेव्हा कांदा असतोच. आमच्याकडे उन्हाळ कांदा वर्षाच्या बेगमीचा घरात पडतो. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी पसरून सडका, कोंब आलेला वेगळा करावा लागतो, नाही तर एकाचं शेजाऱ्याला लागतं. तास-दीड तास सहज जातो आणि पुढच्या आठवड्याला काम पुन्हा तयार!

घरातल्या बाईला मात्र वेळ कसा जातो हे कुणी विचारत नाही. वाती वळणं, चिंच फोडणं, तांदूळ निवडणं चालूच असतं, तिला ५८वं वर्ष लागत नाही. निवृत्त पुरुषाने छंद शोधायला बाहेर पडण्याआधी त्या परातीपाशी बसावं. पहिले काही दिवस घरचे हसतात. हसू द्यावं. माझ्या वाती अजून जाड होतात, पण आता देवापाशी माझ्याच लागतात.

असो. दिवाळीला येणाऱ्या मंडळींनी घरातली फाटकी पुस्तकं जरूर आणावीत. फक्त चिकटपट्टी लावून आणू नका. ती काढताना कागद सोलून निघतो.