फेअरवे पिवळा चालेल, ग्रीन बिघडलेलं नाही

आदिलाबादहून हैदराबादचं गोवळकोंड्याजवळचं गोल्फ मैदान सुमारे ३०० किलोमीटर. एवढं पेट्रोल जाळण्याआधी जाणता खेळाडू ओळखीच्या कॅडीला फोन लावतो आणि एकच विचारतो, ‘ग्रीनला भोकं पाडलीत का?’

प्रश्न रास्त आहे. पोकळ दात्यांच्या यंत्राने ग्रीनमधून, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीतून, मातीच्या कांड्या उपसतात, भोकांत बारीक वाळू लोटतात. मुळांना हवा मिळावी, पाणी साचू नये म्हणून. पुढे दोनेक आठवडे पट, म्हणजे कपाकडे चेंडू ढकलायचा फटका, मारला की चेंडू उड्या मारत जातो. ७२ फटक्यांच्या पारच्या हिशेबात ३६ फटके पटचेच धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळच तिथे. २०१५ ची यूएस ओपन चेंबर्स बेच्या देखण्या, पाण्याकाठच्या मैदानावर झाली. पण तिथल्या खडबडीत ग्रीनवर पट मारणं गोल्फपटू हेन्रिक स्टेन्सनला ब्रोकोलीवर मारल्यासारखं वाटलं.

फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या लांब पट्ट्याच्या, हिरवेपणाचं मात्र उगाच स्तोम माजलंय. टीव्हीवर दिसणाऱ्या हिरव्यागार ऑगस्टा मैदानाने लावलेली ही सवय! २००६ ची ब्रिटिश ओपन होयलेकला, उन्हाने करपलेल्या मैदानावर झाली. टायगर वुड्सने चार दिवसांत लांब फटक्याची ड्रायव्हर काठी एकदाच काढली, चेंडू जमिनीवरून पळवला आणि जिंकला. पाइनहर्स्ट नंबर दोन या मैदानाने तर २०१४ च्या यूएस ओपनआधी, पाणी पाजून पोसलेलं गवत एकरांनी उपटून वाळू उघडी केली.

आदिलाबादेत कोणी मैदान काढायचं म्हटलं, तर हे ध्यानात घ्यावं. इथली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ग्रीनखाली फूटभर वाळू आणि त्याखाली खडी घालावीच लागेल. पैसा तिथे ओतावा. फेअरवेला बांधावरची हरळी पुरे. गोल्फवाले जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती हीच, आणि ग्रीनवरचं टिफड्वार्फ गवतही तिच्याच संकरातलं. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मृगाच्या सरींनी पुन्हा फुटते. पडू द्यावी.

२०१६ च्या दुष्काळात मैदानांवरच्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि आयपीएलचे डझनभर सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे बोअर आटलेल्या शेतकऱ्यासमोर कारंजी उडवणाऱ्या क्लबाचीही तीच गत होईल. अठरा ग्रीन मिळून जेमतेम अडीच-तीन एकर भरतात, फेअरवे त्याच्या दहापट. टँकर कुठे रिकामा करायचा, ते त्यावरून ठरवावं.