कुर्किहार (जि. गया, बिहार) येथील बौद्ध मूर्तींची नोंद व संरक्षण होणेबाबत निवेदन

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी, वारसा जतन व संरक्षण

वजीरगंजजवळचे कुर्किहार हे गाव पाल काळातील आपणक विहाराच्या अवशेषांवर वसले आहे. विहाराचे हे नाव येथेच सापडलेल्या मूर्तींवरील लेखांतून कळते. मार्कहॅम किटो यांनी १८४७ च्या सुमारास येथून दहा गाड्या भरून मूर्ती नेल्या. पुढे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी स्थळाची पाहणी केली. १९३० मध्ये विटांसाठी टेकाड खणताना दोनशेहून अधिक कांस्यकृती निघाल्या आणि त्या पाटणा संग्रहालयात दाखल झाल्या. त्यांवरील लेखांत थेट दक्षिणेतील कांचीहून आलेल्या दात्यांची नावे आहेत. यातले काहीही कार्यालयाला नवीन नाही.

कांस्यमूर्ती सुरक्षित आहेत. प्रश्न गावात राहिलेल्या दगडी मूर्तींचा आहे.

येथील देवीस्थानातून अवलोकितेश्वर पद्मपाणीची पाषाणमूर्ती २००० च्या सुमारास चोरीला गेली. डाव्या हातात उमलत्या कमळाचा देठ, पायाशी दोन परिचारिका अशी ही मूर्ती फ्रान्सच्या कलाबाजारात दिसली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये इटलीतील मिलान येथे भारतीय वाणिज्य दूतावासाच्या ताब्यात आली. ती ओळखता आली म्हणून मिळाली. जिचा फोटो नाही, माप नाही, अशी मूर्ती उद्या परदेशी लिलावात दिसली तर ती कुर्किहारची आहे हे कशाच्या आधारे सिद्ध करणार? एवढी मोठी चोरी होऊन गेल्यावर तरी नोंदवही तयार होणे अपेक्षित होते. ती असेलच, तर गावात कोणाच्या पाहण्यात नाही.

नोंद म्हणजे नुसती संख्या नव्हे. प्रत्येक मूर्तीचे समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, उंची-रुंदी, दगडाचा प्रकार, तुटफूट आणि नेमकी जागा लिहिली गेली पाहिजे. विशेषतः पीठ आणि मागची बाजू तपासावी. पाल काळातील मूर्तींवर धर्मश्लोक किंवा दात्याचे नाव बहुधा तिथेच कोरलेले असते. मूर्ती भिंतीत वा ओट्यावर सिमेंटने बसवली की हा मजकूर कायमचा गाडला जातो, रंगाचे थर चढले की अक्षरे बुजतात. म्हणून लेखांचे ठसे आधी घ्यावेत. देवीस्थानातील मूर्तींची पूजा होते, ती चालू राहावी. मूर्ती हलवण्याची मागणी या निवेदनात नाही. उलट गावकऱ्यांच्या या श्रद्धेमुळेच अनेक मूर्ती आजवर जागेवर टिकल्या, हे मान्य करून पुजारी आणि ग्रामपंचायत यांना नोंदणीत सामील करून घ्यावे.

यापूर्वीच्या अर्जांवर ‘पाहणी करून कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर आले होते. पाहणी झाली नाही. पुढच्या स्मरणपत्राला तर ‘प्रकरण विचाराधीन’ एवढेच उत्तर मिळाले. विचार नेमका कोणत्या टेबलावर चालू आहे, हे कळण्याची सोय नाही. पावसाळ्यानंतर पथक पाठवण्याचे तोंडी आश्वासनही तसेच राहिले. कार्यालयाबद्दल आदर राखूनच हे नमूद करावे लागते.

टेकाडावरील उत्खनन, विटा-माती काढणे आणि नवे बांधकाम यांवर प्रत्यक्ष देखरेख असावी. बोधगयेहून राजगीर-नालंदाकडे जाणारा रस्ता वजीरगंजवरूनच जातो. महाराष्ट्रातून येणाऱ्या उपासकांच्या बस तिथून पुढे निघून जातात, कारण कुर्किहारकडे बोट दाखवणारा ठळक फलक नाही, तो लावावा. रात्रीचा एक पहारेकरी आणि दिव्यांची सोयही हवी.

नोंदणीची सुरुवात देवीस्थानापासून व्हावी. पथक येण्याची तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि यादीची प्रत ग्रामपंचायतीला देण्याची मुदत या तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. ‘विचाराधीन’ हे उत्तर या निवेदनापुरते पोहोच म्हणून धरले जाणार नाही.