गॅस संपलेला नसतो!

मार्च सरत आला की पेण-रोह्याकडच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एसी चालू आहे हो, पण थंडच होत नाही. गॅस संपला असणार." त्यातही पोर्टेबल एसी असेल तर विचारूच नका. पोर्टेबल म्हणजे तो चाकांवरचा, खोलीच्या कोपऱ्यात उभा राहणारा, मागून हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप खिडकीकडे गेलेला. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी आपली पिढी तो ऑनलाइन मागवून गावी पाठवते, नाहीतर पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडताना गाडीत घालून आई-वडिलांकडे नेऊन ठेवते. भिंत फोडायला नको, बाहेर युनिट टांगायला नको. पहिल्या आठवड्यात कौतुक, दुसऱ्यात तक्रार, तिसऱ्यात मेकॅनिक. मेकॅनिक जाळीसमोर हात धरतो आणि दोन मिनिटांत निदान करतो, "गॅस कमी आहे, भरून टाकू."

माझं मत सरळ सांगतो. अशा दहातल्या बहुतेक वेळा गॅस संपलेला नसतो आणि यंत्रही बिघडलेलं नसतं. पुण्याच्या कोरड्या हवेत जमणारं काम आपण त्याला कोकणाच्या दमट हवेत करायला लावलेलं असतं. आमच्या धंद्यात एक जगप्रसिद्ध वाक्य आहे, "माझ्याकडे तर चालतंय!" प्रोग्रामरच्या कॉम्प्युटरवर चालतं, गिऱ्हाइकाकडे आपटतं. पोर्टेबल एसीचं अगदी तसंच आहे.

आधी त्या गॅसचं बघू. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं. शिवाय बहुतेक पोर्टेबल एसी कारखान्यातच सीलबंद होऊन येतात. गॅस भरायला नळी टोचावी लागते, आणि नीट चाललेल्या यंत्राला गळतीची नवी जागा तयार होते. काही मॉडेलांत आर-२९० भरलेला असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ! बंद खोलीत हे काम करणाऱ्याला कुठला गॅस भरलाय हे माहीत नसेल, तर प्रश्न हजार-दोन हजार रुपयांचा उरत नाही. मागच्या बाजूच्या लेबलवर गॅसचं नाव छापलेलं असतं. ते आधी वाचा, त्यालाही वाचायला लावा.

मग थंड का होत नाही? दोन प्रश्न विचारायचे. हवा कुठून येते आणि पाणी कुठे जातं?

एका पाइपचा पोर्टेबल एसी स्वतःची गरम कॉइल गार करायला खोलीतलीच हवा घेतो आणि ती तापलेली हवा सोंडेतून बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच. दाराखालून, खिडकीच्या फटीतून, कौलांमधून. म्हणजे एसी चालू असताना खोलीत सतत बाहेरची हवा ओढली जात असते.

आता जरा आकडेमोड. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण मग मेकॅनिकशी भांडू नका :)) समजा यंत्र ताशी ३०० घनमीटर हवा बाहेर फेकतं आणि आपल्याला खोलीत २५ अंश तापमान, ५५ टक्के आर्द्रता हवी आहे. पुण्यातली मे महिन्यातली दुपार धरू. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता. ही आत आलेली हवा गार करायला साधारण १.२ किलोवॉट खर्च होतात. बाष्पाचा त्रासच नाही, कारण ही हवा खोलीतल्या हवेपेक्षा कोरडी आहे. आता रोह्यातली संध्याकाळ धरू. ३२ अंश आणि ७० टक्के. पारा सहा अंशांनी खाली! पण या हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ११ ग्रॅम जादा पाणी आत येतं. ताशी जवळजवळ सव्वातीन लिटर. ते हवेतून काढायलाच सव्वादोन किलोवॉट जातात, आणि तापमान उतरवायला आणखी पाऊण किलोवॉटच्या आसपास. एकूण तीनला टेकलं. एक टनाच्या एसीची छापील ताकद साडेतीन किलोवॉट. उरलेल्या अर्ध्या किलोवॉटमध्ये तापलेली भिंत, छप्पर, टीव्ही आणि घरातली माणसं. कशी होणार खोली थंड?

ही फक्त माझी पाठीमागच्या पानावरची गणितं नाहीत. अमेरिकेत पोर्टेबल एसीची ताकद मोजताना आता ही आत शिरणारी हवा धरली जाते, आणि जुन्या पद्धतीने १४,००० बीटीयूचं ठरणारं यंत्र नव्या पद्धतीने आठ ते दहा हजारांवर उतरतं. आपल्याकडे खोक्यावर 'एक टन' वाचून आपण स्प्लिटच्या एक टनाशी तुलना करतो आणि फसतो.

याच्यातच त्या चमत्कारिक तक्रारीचं उत्तर आहे, "दुपारी मस्त चालतो, रात्री बिघडतो." कोकणात मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून कोरडे वारे येतात, खारा वारा उशिरा पोहोचतो आणि पारा भलताच चढतो. रोह्याच्या वरच्या अंगाला भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती, आणि त्या आकड्यावर तेव्हा बरीच चर्चाही झाली. अशा कोरड्या दुपारी पोर्टेबल एसी त्यातल्या त्यात बरा चालतो. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला, अंगाला कपडे चिकटायला लागले की तोच एसी धापा टाकतो. दमट हवेत गणपती लवकर वाळत नाहीत हे पेणच्या कारखान्यातल्या कोणालाही विचारा. तीच हवा एसीच्या आड येते.

आता पाणी. हवेतून निघालेलं पाणी हे यंत्र स्वतःच्याच गरम कॉइलवर उडवून वाफ करून सोंडेतून बाहेर टाकतं. कोरड्या गावात पाण्याकडे बघावंही लागत नाही. कोकणात पाणी इतकं येतं की ते उडवून संपत नाही, खालची टाकी भरते, आतला फ्लोट वर येतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. पंखा मात्र चालूच! त्यामुळे घरच्यांना वाटतं एसी चालू आहे पण गार हवा येत नाही. पडद्यावर काही अक्षरं-आकडे दिसतात, प्रत्येक कंपनीचे वेगळे. ती यंत्राची तक्रारवही आहे. माहितीपुस्तिका काढून त्या कोडचा अर्थ बघा, मगच फोन करा.

मेकॅनिकच्या निदानाबद्दलही एक गोष्ट. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातला फरक मोजून तो गॅस ठरवत असेल, तर पद्धत चुकीची नाही, पण दमट हवेत फसवी आहे. यंत्राची बरीच ताकद पाणी काढण्यात गेलेली असते, म्हणून फरक कमीच दिसणार. त्यापेक्षा बादली बघा. एक लिटर पाणी तासात जमलं म्हणजे जवळजवळ पाऊण किलोवॉट काम झालं. (काही पाणी सोंडेतून उडून जातं, म्हणजे खरं काम त्याहून जास्त.) बादली भरतेय आणि सोंडेतून कडक गरम हवा येतेय, तर गॅस शाबूत आहे. उलट कॉम्प्रेसरचा आवाज येतोय पण सोंड कोमटच, पाणी जमेना, फिल्टर स्वच्छ असूनही कॉइलच्या एका भागावर बर्फ, नळीच्या जोडावर तेलकट डाग, ही गळतीची लक्षणं. तेव्हा मात्र कंपनीचाच माणूस बोलवा.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहायचं कारण, गावच्या त्या खोलीत बहुधा साठी-सत्तरीची माणसं झोपतात. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. अशा वेळी "तीस-बत्तीसच तर आहे, पंखा पुरे" म्हणणं चूक, आणि एसी पाठवला म्हणजे कर्तव्य संपलं असं मानणंही चूक.

म्हणून या शनिवार-रविवारी गावी जाल तेव्हा एवढं करा:

१. फिल्टर धुवा. बहुतेक यंत्रांत दोन असतात, वरचा सगळे धुतात, खालचा विसरतात. नळाखाली धुवायचा, सावलीत वाळवायचा. मोसमात दर पंधरा दिवसांनी.

२. टाकीवर अवलंबून राहू नका. मागचं बूच काढून नळी जोडा आणि पाणी सरळ मोरीत किंवा बादलीत सोडा. नळीला सलग उतार हवा, मध्ये उंचवटा नको, टोक पाण्यात बुडलेलं नको. सत्तरीच्या माणसाने रात्री दोनला उठून टाकी रिकामी करायची ही कल्पनाच वाईट आहे.

३. सोंड आखूड आणि सरळ ठेवा. ती स्वतः तापते, म्हणून वरून जाड कापड किंवा फोम गुंडाळा. सोबत आलेली पट्टी सरकत्या खिडकीसाठी असते. गजांच्या लाकडी खिडकीला प्लायमध्ये गोल भोक पाडून घ्या, फटी बुजवा. वरून उघड्या कौलांच्या खोलीत, जिथे खाली छत नाही, तिथे हा एसी लावूच नका.

४. साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवू नका. सोळा अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग हवं. खाली पाणी आणि आत वीज, त्यामुळे लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेला उत्तम. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तर कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि ट्रिप होतो, तोही 'गॅस' नव्हे. लाइट जाऊन आली की तीन मिनिटं थांबून मगच सुरू करा. आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर हा चालत नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

५. गाडीतून आडवा आणला असेल तर एक दिवस उभा ठेवून मग सुरू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं.

६. पावसाळ्याआधी तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडा, काही तास नुसता पंखा चालवून आतून वाळवा, सोंडेचं तोंड बांधा. नाहीतर ऑक्टोबर हीटमध्ये बुरशीचा वास, आणि आत पाल किंवा कुंभारमाशीचं घर.

हे सगळं करून पोर्टेबल एसी त्याच्या कुवतीइतकं काम नक्की करेल. पण त्याची कुवतच कोकणात कमी आहे. भाड्याची जागा असेल, भिंतीला हात लावायची परवानगी नसेल, तर ठीक. स्वतःचं घर असेल तर साधा विंडो एसी किंवा लहान स्प्लिट घ्या. त्यात गरम कॉइल बाहेरच्या हवेने गार होते, खोलीतली हवा फुकट जात नाही. आज भिंतीला भोक पाडायला जीवावर येतं म्हणून आपण दर एप्रिलला गॅसचे पैसे मोजतो आणि तरीही म्हातारी माणसं रात्रभर घामाने जागी राहतात.

पुढच्या वेळी कुणी हात धरून "गॅस कमी आहे" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "गळती कुठे आहे ते दाखवता का?" उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे, काम त्यालाच द्या. नाही आलं, तर चहा पाजून वाटेला लावा आणि खालचा फिल्टर उघडा.