'सॉरी' कोणाला म्हणायचे?

'शक्तिमान' मालिकेचा विषय निघाला की जठारपेठेतल्या घरोघरी आजही एक उद्गार हमखास ऐकू येतो : "तेव्हाच्या मालिका मुलांवर संस्कार करीत; आता तसे काही उरले नाही." या मताशी आम्ही सहमत नाही.

13 सप्टेंबर 1997 रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका 27 मार्च 2005 पर्यंत चालली. रविवारची मिस्सा आटोपून घरी परतलेली आमची मुले दुपारी बाराला दूरदर्शन संचासमोर ठाण मांडून बसत. मुकेश खन्ना यांनी साकारलेला हा नायक योगसाधनेने सामर्थ्य मिळवी, एरवी गंगाधर नावाचा बावळट छायाचित्रकार म्हणून वावरे आणि अंधाराचा उपासक किल्विष याच्याशी झुंजे. त्याचे अनुकरण करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा फार ओरड झाली. ती भीती खरीच होती. परंतु आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या भागाची सारे वाहवा करतात, नेमका त्यावरच तो आहे.

मालिकेच्या शेवटी नायक मुलांना बोधाच्या चार गोष्टी सांगे. चुकलेले मूल 'सॉरी शक्तिमान' म्हणे आणि प्रकरण तिथेच मिटे. बोध चांगलाच होता; पण क्षमा मागितली जाई ती कोणाची? खोटे आईशी बोलायचे आणि 'सॉरी' शक्तिमानला म्हणायचे, हा कुठला न्याय? ज्याचे आपण काहीच बिघडवले नाही, त्याच्यापुढे मान तुकवणे फार सोपे असते.

ख्रिस्तसभेची शिकवण याहून कठोर आहे. पापनिवेदनात क्षमा मिळते. तरीही चोरलेली वस्तू परत करावीच लागते, बदनाम केलेल्याची अब्रू भरून द्यावीच लागते.

मात्र दोष एकट्या मालिकेचा नव्हे. मुलाने शेजाऱ्याची काच फोडली, तर त्याचा हात धरून आपण त्या दारी जातो का? वाटणीवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरणारे आपण 'माझे चुकले' हे शब्द मुलांना कसे शिकवणार? ते काम आपण पडद्यावरच्या वीरावर सोपवले आणि निश्चिंत झालो.

2022 साली शक्तिमानवर चित्रपटत्रयी काढण्याची घोषणा झाली. तो परत येवो वा न येवो. काच फुटलेले घर आपल्याच गल्लीत आहे. मुलाला घेऊन आधी तिथे जाऊ या.